‘कधी बोलेल?’ : बेळगाव भागात मुलांची स्पीच थेरपी सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लहान मुलांची थेरपी सुरू केली की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न तीन भाषांत कानावर पडतो. खानापूरकडची आई विचारते, "मॅडम, कधी बोलणार ओ हा?" सौंदत्तीकडचे आजोबा विचारतात, "यावाग माताडतान री?" कॅम्पातली नानी विचारते, "कब बात करेगा ये?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्यावर आपण या कामात किती वर्षं टिकणार हे बरंचसं ठरतं.

म्हैसूरची आयिश ही वाचा-श्रवण संस्था असो, मुंबईची अली यावर जंग संस्था असो की आणखी कुठलं कॉलेज, चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं आणि तेव्हा पाठीशी कुणीतरी सीनियर उभं असतं. अवघड पालक आले की फाईल त्यांच्याकडे सरकवता येते. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसलात की फाईल सरकवायला कुणी नसतं. या भागात येणाऱ्या नव्या थेरपिस्टना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलं दमवतात. चावतात, ओरबाडतात, खोलीभर पळवतात, पण त्या दमण्याला रात्रीची झोप पुरते. झोपेने न जाणारा थकवा येतो तो पालकांना आपण कळत-नकळत दिलेल्या शब्दामुळे. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. पहिल्या भेटीत तारीख देऊ नका, तीन महिन्यांचं काम द्या

"नक्की बोलेल हो, काळजी करू नका." हे वाक्य तोंडात अगदी तयार असतं. आईच्या डोळ्यांत पाणी असतं आणि आपल्यालाही तो क्षण लवकर संपायला हवा असतो. पण त्या दिवसापासून ते मूल न बोलणं ही आपली थकबाकी होते. दर आठवड्याला आई येते आणि काही न बोलताच हिशोब मागते.

त्याऐवजी असं म्हणा: "कधी बोलेल हे आज मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर जरा जपून. पण येत्या तीन महिन्यांत आपण तीन गोष्टी करणार आहोत. नावाने हाक मारल्यावर त्याने वळून बघायचं. हवं ते हाताला धरून ओढत न नेता बोटाने दाखवायचं. आणि मी एक कृती केली की त्याने तीच करून बघायची. तीन महिन्यांनी आपण परत बसू." तिन्ही गोष्टी कागदावर लिहून द्या, पालकांना वाचता येईल त्या लिपीत. वाचता येत नसेल तर चित्र काढा.

हा कागद पालकांपेक्षा आपल्याच जास्त उपयोगी पडतो. पाचव्या आठवड्यात आजी "अजून काही फरक नाही" म्हणाली की तो काढायचा. तीनपैकी एक गोष्ट होत असते, बऱ्याचदा दोन. बोलणं हे घराचं छप्पर आहे, आपण अजून पायाच भरतो आहोत, असं सांगितलं की गवंडीकाम माहीत असलेल्या बापाला लगेच पटतं.

इथे एक नियम अजिबात मोडू नका: कान तपासल्याशिवाय थेरपी सुरू करायची नाही. "त्याला ऐकू येतंय की, टीव्ही लावला की पळत येतो" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. टीव्हीचा उजेडही दिसतो आणि थोडंफार ऐकणारं मूल मोठ्या आवाजाला वळतंही. बेरा (आवाजाला कान आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे यंत्राने बघणारी तपासणी) किंवा गरज असेल ती दुसरी तपासणी करून रिपोर्ट फाईलला लावा. सहा महिने ‘प’ आणि ‘ब’ घोटून मग श्रवणदोष निघाला, तर ते ओझं कुठल्याही समुपदेशनाने हलकं होत नाही.

सगळ्या केसना एकाच तोंडाने उत्तर देऊ नये हेही लक्षात ठेवा. तीन-चार वर्षांचं अडखळणारं मूल आलं तर धीर द्यायला खरं कारण आहे. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे नीट बोलू लागतात. टाळूची शस्त्रक्रिया वेळेत झालेल्या मुलाचं गणित वेगळं, स्वमग्न मुलाचं वेगळं. जिथे आशेला आधार आहे तिथे मोकळेपणाने सांगा. आशा जपून वापरायची म्हणजे प्रत्येकाला ती नाकारायची असं नाही.

२. घरातला दोष कुणाच्या माथी आहे ते ओळखा

या भागात बरेच बाप बाहेरगावी. कुणी सैन्यात, कुणी गोव्यात हॉटेलात, कुणी पुण्याला कंपनीत. मुलाला घेऊन येते ती आई, आणि बरोबर सासू. खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांत कळतं की घरात निकाल लागून गेलेला आहे: मूल बोलत नाही ते आईमुळे. तिने मोबाईल दिला, तिने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, तिच्या माहेरी कुणीतरी मुकं होतं. दुसरीकडे "ह्याचा बाप पाचव्या वर्षी बोलला, आता बघा थांबतोय का" हेही त्याच सासूचं वाक्य असतं.

नवी थेरपिस्ट इथे आईची बाजू घ्यायला जाते. चूक नाही, पण महाग पडतं. तुम्ही सासूला गप्प केलंत तर पुढच्या वेळी आईला पाठवलंच जाणार नाही. सासूला काम द्या. "आजी, संध्याकाळी दिवा लावताना ह्याला मांडीवर घ्यायचं आणि रोज तीच दोन ओळींची प्रार्थना म्हणायची. शेवटचा शब्द सोडायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं." दोष देणाऱ्या माणसाच्या हातात काम आलं की निम्म्या वेळा तक्रार कमी होते. उरलेल्या निम्म्या वेळा होत नाही. तिथे आपण घर दुरुस्त करायला आलेलो नाही, हे स्वतःला सांगायला लागतं.

वेखंड उगाळून चाटवणं, यल्लम्माच्या डोंगरावर नवस, कुणीतरी सुचवलेलं जिभेखालचा पडदा कापणं हे सगळं येणार. नवसावर बोलू नका, त्याने थेरपीचं काही बिघडत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवत असतील तर मात्र स्पष्ट थांबवा, त्यात विषबाधेचा खरा धोका आहे. जिभेच्या पडद्याबद्दल आधी तपासणी, मग मत. प्रत्येक समजुतीशी भांडत बसलात तर संध्याकाळी शरीरात काही उरत नाही.

३. भाषेच्या भांडणात मुलाच्या बाजूने उभे राहा

हा ताण आपल्या भागाचा खास, म्हणून जरा सविस्तर.

येळ्ळूरचं मूल घरी मराठी ऐकतं, अंगणवाडीत कन्नड, शेजारी उर्दू, मोबाईलवर हिंदी कार्टून, आणि जूनपासून त्याला इंग्रजी माध्यमात घालायचं ठरलेलं असतं. मूल बोलत नाही म्हटल्यावर शाळेतून सांगतात, "घरी एकच भाषा बोला." कुठली, ते शाळेवर अवलंबून. घरी आजोबा सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले, ते म्हणतात, मराठीच. बाप म्हणतो, नोकरी इथे करायची तर कन्नड यायलाच हवं. आई मधल्या मध्ये. सगळे मग तुमच्याकडे बघतात, आणि तुमचं आडनाव बघून तुमचं उत्तर काय असणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

शास्त्र इथे तुमच्या बाजूने आहे. दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे वाचादोष निर्माण होत नाही. ज्या मुलाला अडचण आहे त्याला ती सगळ्याच भाषांत दिसते. घरची भाषा बंद केल्याने बोलणं लवकर येत नाही. उलट आई स्वतःला न येणाऱ्या भाषेत तुटक बोलू लागते आणि मुलाच्या कानावरचं बोलणंच कमी होतं. शब्द मोजतानाही सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे: ‘पाणी’ आणि ‘नीरू’ दोन्ही म्हणणाऱ्या मुलाकडे दोन शब्द आहेत.

मी थेरपीची भाषा निवडते ती अशी: मूल रडायला लागल्यावर आईच्या तोंडून जी भाषा निघते ती. यात आजोबांचाही मान राहतो आणि बापाचाही, कारण कन्नड नंतर येणारच आहे, ती कुणी हिरावलेली नाही. तुम्हाला ती भाषा नीट येत नसेल तर लाजू नका. उत्तर कर्नाटकातली रोजची कन्नड मराठी माणसाला थोड्या महिन्यांत कामापुरती येते. तोवर आईलाच बोलायला लावा आणि तुम्ही शेजारी बसून दाखवा. भाषेच्या राजकारणावर खोलीत मत द्यायचं नाही, कुणी कितीही डिवचलं तरी. तुमचं मत असेल, असू दे, ते गेटच्या बाहेर.

४. दिवसाची आखणी

दवाखान्याच्या मालकाला सेशनला सेशन लागून हवी असतात. तुम्हाला मध्ये दहा मिनिटं हवी असतात. ही दहा मिनिटं ‘आराम’ म्हणून मागितलीत तर मिळणार नाहीत. ‘खेळणी पुसायला आणि नोंदी लिहायला’ म्हणून मागा, ती खरीच लागतात. ठोकळे ओल्या फडक्याने पुसताना आधीचं मूल डोक्यातून उतरतं. नोंद त्याच वेळी लिहा. संध्याकाळी आठवून लिहायला बसलात की सगळी मुलं एकदम घरी येतात.

मारणारी, चावणारी किंवा फार रडणारी मुलं एकापाठोपाठ ठेवू नका. त्यांच्यानंतर थोडं सोपं मूल ठेवा, उच्चारदोषाचं, जे हसत येतं आणि ‘र’ म्हणून जातं. दिवसाची शेवटची वेळ अशाच मुलाला द्यावी.

घसा हे आपलं हत्यार. फॅनचा आवाज, बाहेर ट्रॅफिक, त्यात मुलाशी मोठ्याने बोलणं, आणि आवाजावर उपचार करणाऱ्याचाच आवाज बसतो. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, मूल दूर असेल तर ओरडण्याऐवजी उठून जवळ जा. जमिनीवर बसून काम असल्यामुळे कंबर धरते, भिंतीला पाठ टेकता येईल अशी जागा निवडा. मनाच्या ताणात अंगदुखीचा वाटा फार मोठा असतो, हे कुणी सांगत नाही.

५. प्रगती आपल्यालाही दिसेल अशी ठेवा

या कामात सर्वात जास्त पोखरतं ते ‘काहीच होत नाही’ हे वाटणं. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात, पालकांच्या लेखी संमतीने, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि दर तीन महिन्यांनी तसाच, तेच खेळणं घेऊन. तो दवाखान्याच्या फोनवर ठेवायचा, स्टेटसला कधीही नाही.

काय बघायचं ते एका साध्या खेळातून सांगते. साबणाच्या फुग्यांची बाटली घ्यायची. दोन-तीनदा फुगे उडवायचे, मूल टाळ्या पिटतं. मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. पहिल्या महिन्यात मूल बाटली आपटतं, फेकतं, रडतं. काही आठवड्यांनी ते बाटली आणून आपल्या मांडीवर ठेवतं, पण बघतं बाटलीकडेच. आणखी काही आठवड्यांनी बाटली ठेवतं आणि मान वर करून आपल्या डोळ्यांत बघतं. मग एके दिवशी बघता बघता खालचा ओठ पुढे येतो आणि नुसती हवा निघते, आवाज नाही. बाहेर बाकावर बसलेल्या आईला यातलं काही दिसलेलं नसतं. तिच्या दृष्टीने मूल अजून ‘बोलत नाही’. तुम्हीसुद्धा ती हवा वहीत लिहिली नाही तर संध्याकाळपर्यंत विसराल.

एक वही फक्त अशा गोष्टींसाठी ठेवा. मुलाचं नाव नको, आद्याक्षरही नको, तुम्हाला कळेल अशी खूण पुरे. वाईट आठवड्यात उघडायची.

ज्या मुलांच्या बाबतीत बोलणं खरंच कठीण आहे, त्यांना चित्रं, खुणा, बोर्ड द्यायला उशीर करू नका. "चित्रं दिली तर बोलायचा कंटाळा करेल" ही भीती खरी नाही. त्याने बोलणं मागे पडत नाही, बऱ्याच मुलांना मदतच होते. चित्राला बोट लावून ‘संडास’ सांगता आलं की घरातला अर्धा आरडाओरडा थांबतो. तोंडाने बोलणं हेच एकमेव यश धरलंत, तर काही मुलांच्या बाबतीत तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःला नापास करत राहाल.

६. फोन

वैयक्तिक नंबर कुणालाही देऊ नका. दुसरं सिम घ्या, व्हॉट्सॲपवर वेळ लिहून ठेवा आणि ती पाळा. रात्री अकराला "मॅडम आज ह्याने मला फार मारलं" असा मेसेज येतो. तो वाचला की झोप गेली आणि त्या वेळी करता येण्यासारखं काहीही नसतं. सकाळी उत्तर द्या: "वाचलं. कालचा दिवस कठीण होता तुमचा. मंगळवारी येताना मारायच्या आधी काय चाललं होतं ते लिहून आणा." एवढंच. झटका येणं, पडणं, गिळताना अडकणं अशा गोष्टींसाठी थेट दवाखान्यात जायचं, थेरपिस्टला मेसेज करायचा नाही, हे पहिल्याच भेटीत लिहून द्या.

७. येणं बंद झालेली मुलं

ऊसतोड सुरू झाली की अथणी, रायबाग, चिकोडीकडची निम्मी हजेरी जाते. पावसाळ्यात जांबोटीकडून खानापूरला यायचं म्हणजे आईचा अख्खा दिवस जातो. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बस मोफत झाली, त्याने हजेरीत खरोखर फरक पडतो. पण ती कर्नाटकातल्या रहिवासी बायकांसाठी. चंदगडकडून बेळगावला येणाऱ्या आईला तिकीट काढावंच लागतं. दोन्हीकडच्या आया एकाच बाकावर बसलेल्या असतात.

मूल यायचं थांबलं की नवी थेरपिस्ट पहिल्यांदा स्वतःला विचारते, माझं काय चुकलं? आधी कॅलेंडर बघा आणि बसचं वेळापत्रक बघा. एक फोन, आठवड्याने एक मेसेज, मग नोंद करून फाईल बाजूला. मेसेजमध्ये टोमणा नको. "कधीही परत या, सुरुवात तिथूनच करू" एवढंच, कारण बरेच जण परत येतात आणि लाजेने यायचं टाळणारेही बरेच असतात. हंगामी घरांसाठी आधीच महिन्यातून एक भेट आणि घरी करायचे दोन खेळ असा बेत ठेवा.

फीचंही इथेच सांगते. सवलतीच्या जागा किती, ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवा आणि त्या भरल्या की ‘नाही’ म्हणा. प्रत्येक कहाणीला फी सोडत गेलात तर काही महिन्यांनी तुम्ही मुलांवर मनातून चिडायला लागता.

८. निदान सांगायचा दिवस

स्वमग्नतेसारखं निदान एकट्याने सांगायचं नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, तुम्ही मिळून तपासणी, आणि सांगताना शक्यतो आई-बाप दोघंही समोर. बाप सुट्टीवर येईपर्यंत थांबायला लागलं तरी चालेल, पण थेरपी तोवर थांबवायची नाही.

त्या दिवशी त्यानंतरचं सेशन ठेवू नका. सांगून झालं की गप्प बसा. आई रडेल, बाप मोबाईलमध्ये बघेल, तेही रडणंच आहे. ती शांतता भरून काढायला आपण उगाच उदाहरणं द्यायला लागतो, कुणाचा मुलगा इंजिनियर झाला वगैरे. नको.

मग एक छापील कागद हातात द्या. हतबल वाटू नये म्हणून याच्याइतकी खात्रीची दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. त्यात श्रवणदोष, वाचा व भाषा दोष, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता हे सगळं येतं. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज कुठे करायचा ते लिहा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढे पाठवणी होते, जिल्हा पातळीवर त्यासाठी केंद्र असतं. महाराष्ट्राच्या बाजूच्या कुटुंबाला त्यांच्या जिल्ह्यातली कार्यालयं सांगा, इथली नव्हे. नाहीतर बिचारे दोन राज्यांत हेलपाटे घालतात. कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत असू द्या.

९. एकट्याने वाहायचं नाही असं एक ओझं

न बोलणारं मूल अत्याचाराला बळी पडलं तर सांगू शकत नाही. अंगावरच्या खुणा, कपडे बदलताना अचानक घाबरणं, एखाद्या माणसाला बघून आकसणं असं काही दिसलं आणि संशय आला, तर स्वतः चौकशी करायला बसू नका, घरच्यांना आडून विचारू नका. जे दिसलं ते तारीख-वेळेसह जसंच्या तसं लिहा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. ‘गावातलं घर आहे, बोभाटा होईल’ हे मालकाकडून ऐकावं लागेल. कायदा तुमच्या बाजूने आहे.

अशा केसनंतर काही दिवस झोप न लागणं स्वाभाविक. त्या आठवड्यात नव्या केस घेऊ नका.

१०. बोलायला माणूस

बेळगाव मोठं दिसतं, पण प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा पाहुणा. बसस्टँडवर फोनवर केसबद्दल बोललात तर शेजारी मुलाची मावशी बसलेली असू शकते. घरीही नाव-गाव नको. मग मन मोकळं कुठे करायचं? याच क्षेत्रातली दोन-तीन माणसं धरा. कॉलेजचा सीनियर, हुबळीची बॅचमेट, शहरातली ऑक्युपेशनल थेरपिस्ट. महिन्यातून एक ठरलेली वेळ, व्हिडिओवर चालेल. एकाने एक केस ओळख न देता मांडायची, आणि उपायांच्या आधी विचारायचं: "तुला ह्यात काय झालं?" हा प्रश्न पहिल्यांदा फार अवघड जातो.

घरचे म्हणतील, "तुझं काम म्हणजे खेळणंच तर आहे." समजावत बसू नका.

११. कधी थांबायचं

जागतिक आरोग्य संघटनेने कामामुळे येणाऱ्या करपलेपणाची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं आहे. आपल्या भाषेत ओळखायचं तर: ठरावीक आईची गाडी गेटवर दिसली आणि पोटात गोळा आला. मूल आलं नाही म्हणून बरं वाटलं, एकदा नाही, दर वेळी. नोंदीत मागच्या आठवड्याचं वाक्य उतरवायला लागलात.

हे सुरू झालं की केस कमी करा, आठवड्यातली एक सकाळ मोकळी ठेवा, दुसऱ्या प्रकारचं काम मिसळा. पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. तिथलं दमणं वेगळं असतं.

पण झोप, भूक, मूड सलग दोन आठवडे बिघडलेला असेल, रडू येत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर केस कमी करून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास. दुसऱ्यांच्या मुलांना तज्ज्ञाकडे पाठवताना आपण चिठ्ठी लिहितो, स्वतःला पाठवताना लाजतो.

नोकरी सोडायची वेळ आली तर मुलांच्या बाबतीत ती नीट सोडा. महिनाभर आधी पालकांना सांगा. प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर मूल आज काय करतं, कशाने शांत होतं, कुठला खेळ चालतो आणि कुठल्या भाषेत, हे लिहून ठेवा. नवी थेरपिस्ट येणार असेल तर शेवटची दोन सेशन तिला बरोबर घेऊन करा, पहिल्यात तुम्ही पुढे, दुसऱ्यात ती. येणार नसेल तर जवळच्या दोन ठिकाणांची नावं द्या. आणि दुसरं सिम बंद करायच्या आधी त्यावर एक मेसेज लावा, नाहीतर लोक महिनोन्‌महिने त्याच नंबरवर फोन करत राहतात.